व्हिपमध्ये एक वाक्य वाढवा : विधिमंडळातल्या मुख्य प्रतोदांना खुले पत्र

प्रति,
मुख्य प्रतोद (सर्व पक्ष),
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषद,
विधान भवन, मुंबई.

विषय : व्हिपच्या मजकुरात त्याचा परिणाम स्पष्ट लिहिण्याबाबत.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

अधिवेशन जवळ आलं की पक्षाच्या आमदारांना आपलं एक पत्र हमखास निघतं, त्यालाच व्हिप म्हणतात. पक्षाचं लेटरहेड, वर तारीख, मजकूर जेमतेम चार ओळींचा. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सभागृहात पूर्णवेळ हजर राहावे, पक्षाच्या भूमिकेच्या बाजूने मतदान करावे, हा पक्षादेश समजावा. खाली आपली सही. काही पत्रांत शेवटी 'अन्यथा कारवाई करण्यात येईल' असा एक मोघम दम असतो. कसली कारवाई, ते नसतं.

माझी मागणी त्या शेवटच्या ओळीपुरती आहे. हा आदेश मोडला तर आमदारकी जाईल की फक्त पक्षाकडून कानउघाडणी होईल, हे त्याच कागदावर स्पष्ट लिहा. आमदारकी जाण्याचा इशारा फक्त दोन-तीन प्रसंगांपुरता राखून ठेवा आणि बाकीच्या दिवशी आमच्या आमदाराला स्वतःच्या अकलेने मत देऊ द्या. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, दिल्लीला जावं लागत नाही, अध्यक्षांची परवानगीही लागत नाही. पेन आपल्या हातात आहे.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. 1985 साली 52 व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्या सदस्याचं पद जाईल अशी तरतूद झाली. तिला आव्हान मिळालं आणि किहोतो होलोहान खटल्यात 1992 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने, ती बहुतांशी उचलून धरली. पण उचलून धरताना न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्यांची आठवण आता कुणी काढत नाही. पहिली अशी की, पद घालवणारा आदेश सरकारवरच्या विश्वासाच्या प्रश्नापुरता किंवा पक्ष ज्या धोरणावर लोकांसमोर गेला त्याच्याशी निगडित विषयापुरता असावा. दुसरी अशी की, आदेश मोडल्यास अपात्रता ओढवेल हे त्या आदेशाच्या शब्दांतच स्पष्ट दिसावं, म्हणजे सदस्याला परिणामाची आधीच कल्पना राहील. तीस वर्षं उलटून गेली. आपल्या पत्रांतला मजकूर आहे तसाच आहे.

त्याआधी 1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीनेही विश्वासदर्शक आणि अविश्वास ठरावापुरतीच व्हिपची ही धार ठेवा असं सुचवलं होतं. 1999 मध्ये विधी आयोगाने 170 व्या अहवालात तेच म्हटलं : सरकार धोक्यात असेल तेव्हाच व्हिप काढा. लोकसभेत मनीष तिवारी यांनी 2010 मध्ये त्यासाठी खासगी विधेयकही आणलं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं, ते आपण माझ्यापेक्षा चांगलं जाणता. एवढी माणसं एकच गोष्ट सांगत आली आणि तरी काही हललं नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की कायदा बदलल्याशिवाय हे होणार नाही. ते खरं नाही. दहाव्या अनुसूचीतच लिहिलंय की पक्षाची आधी परवानगी घेतली असेल किंवा मतदानानंतर 15 दिवसांत पक्षाने माफ केलं असेल तर अपात्रता लागत नाही. म्हणजे कुलूप कायद्याने लावलं असलं तरी किल्ली पक्षाकडेच दिली आहे. 'या विधेयकावर सदस्यांना मतदानाची मोकळीक आहे' अशी एक ओळ छापली की झाली परवानगी.

ही किल्ली आपण वापरता, त्याचं एक उदाहरण तर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. 4 जुलै 2022 रोजी शिंदे सरकारने विश्वासमत 164 विरुद्ध 99 असं जिंकलं. त्यानंतर शिवसेनेतल्या शिंदे गटाचे प्रतोद भरत गोगावले यांनी व्हिप मोडला म्हणून ठाकरे गटाच्या 14 आमदारांविरुद्ध तक्रार केली. पंधरावे होते आदित्य ठाकरे. त्यांचं नाव मात्र बाळासाहेबांबद्दलच्या आदरापोटी वगळलं, असं जाहीरपणे सांगितलं गेलं. आदर असायलाच हवा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मी एवढंच पाहिलं की कुणाच्या बाबतीत आदेशाची धार लावायची आणि कुणाच्या बाबतीत नाही, हे पक्ष ठरवू शकतो आणि ठरवतो. मग माणूस पाहून ठरवण्याऐवजी विषय पाहून ठरवा, एवढं तरी मागता येईल ना?

आता मुद्द्याच्या मुळाशी येतो, कारण माझी तक्रार तिथे आहे.

मी जिल्हा परिषदेत नोकरी करून निवृत्त झालो. ग्रामपंचायतींची कागदपत्रं हाताखालून गेली. सरपंच कसा निवडायचा, हा आमच्या खात्यात रोजच्या जेवणाइतका साधा विषय. तर बघा. पूर्वी गावकरी सदस्य निवडायचे आणि सदस्य आपल्यातला एक सरपंच करायचे. 2017 मध्ये भाजप-शिवसेना सरकारने ते बदललं, सरपंच थेट जनतेतून. 2020 मध्ये शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या सरकारने ते पुन्हा बदललं, सरपंच सदस्यांतून. 2022 मध्ये शिंदे-फडणवीस सरकार आलं आणि पुन्हा थेट जनतेतून. पाच वर्षांत कायदा गेला, आला, परत गेला तिथे आला. नगराध्यक्षांचंही तसंच झालं.

तीनही वेळा विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं. तीनही वेळा सत्तेत असलेला आमदार शोधायला फार लांब जावं लागणार नाही. त्याचं स्वतःचं मत काय होतं? थेट निवडलेल्या सरपंचामागे सदस्यांचं बहुमत नसेल तर गावात काय होतं, हे त्याने पाहिलेलं असतं. मासिक सभा होत नाही, खर्चाला मंजुरी मिळत नाही, ग्रामसेवक मध्ये चेपला जातो. उलट सदस्यांतून सरपंच असला की दीड-दोन वर्षांनी 'ठरल्याप्रमाणे' राजीनामा आणि नवा सरपंच, हेही त्याने पाहिलेलं असतं. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं खूप आहे, आणि विधानसभेत बसलेल्यांपैकी कितीतरी जण स्वतः सरपंच, पंचायत समिती सदस्य, जिल्हा परिषद सदस्य अशा पायऱ्या चढून वर आलेले असतात. या एका विषयात तरी प्रत्येकाला पक्षापलीकडचं, अनुभवाचं मत असणार. ते कुठे नोंदलं गेलं? कुठेच नाही. सरकार बदललं की मत बदललं, आणि विधेयक मंजूर झालं ते 'होय'च्या आवाजात.

आवाजी मतदानाचं हे प्रकरण व्हिपशी जोडलेलं आहे. अध्यक्ष विचारतात, 'अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.' एक गलका होतो, मग दुसरा. 'होयचे बहुमत, होयचे बहुमत, विधेयक संमत.' मतविभागणी, म्हणजे नावनिशी मतमोजणी, कुणी मागितलीच तर कोण कुठे उभा राहिला ते कळतं. नाहीतर नाही. 3 आणि 4 जुलै 2022 रोजी शिरगणती झाली, सदस्य एकेक करून उभे राहिले, आकडा म्हणाले, ते सगळं टीव्हीवर दिसलं. एरवी कुठलं? 12 नोव्हेंबर 2014 रोजी तर विश्वासदर्शक ठरावच आवाजी मतदानाने मंजूर झाला होता आणि त्यावरून केवढा गदारोळ उठला होता.

म्हणजे गंमत अशी की आपला व्हिप सगळ्या अधिवेशनाला लागू, पण मोडला गेला हे सिद्ध होण्याची वेळ क्वचितच येते. तरीही त्याचा धाक रोज असतो. आमदाराला ठाऊक असतं की मतविभागणी मागितली तर नाव नोंदलं जाईल, नोंदलं गेलं तर व्हिप आडवा येईल. मग मतविभागणी मागायचीच कशाला? जुलै 2025 मध्ये जनसुरक्षा विधेयक आलं. संयुक्त समितीकडे 12 हजारांवर सूचना आणि हरकती आल्या होत्या. एवढ्या लोकांनी हाताने लिहून, टाइप करून, सही करून पाठवल्या. 10 जुलैला विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झालं आणि विरोधात म्हणून लक्षात राहिले ते डहाणूचे विनोद निकोले, माकपचे एकमेव आमदार. एकट्याच्या पक्षात व्हिपची भानगड नसते, हाही त्यांचा एक फायदाच म्हणायचा. बाकीच्या विरोधी बाकांवर काय चाललं होतं, त्याबद्दल नंतर त्यांच्याच पक्षांत विचारणा झाल्याच्या बातम्या आल्या. विधेयक बरं की वाईट, हा या पत्राचा विषय नाही. माझ्या आमदाराचं त्यावर मत काय होतं, ते मला आजही कागदावर दाखवता येत नाही, हा आहे.

आपण म्हणाल, आमदार बोलू शकतो की! बोलण्यावर व्हिप नाही. खरंय, अनुच्छेद 194 ने सभागृहात बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. पण बोलणाऱ्यांची यादी अध्यक्षांकडे कोण पाठवतं? आपण. कुणाला किती मिनिटं, कुणाचं नाव वर, कुणाचं शेवटी, जेवणाच्या सुट्टीआधी की रिकाम्या बाकांसमोर रात्री नऊ वाजता, हे पक्ष कार्यालयातच ठरतं. समित्यांवर कुणाची वर्णी लावायची, तेही. हे काम कुणीतरी करायलाच हवं, आणि आपण ते करता म्हणून सभागृह चालतं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. दहा टक्के सदस्य नसतील तर कामकाज थांबतं. 288 च्या विधानसभेत 29 माणसं बसवून ठेवणं हेसुद्धा दुपारच्या वेळी सोपं काम नाही. घंटा वाजते, लॉबीतून, कॅन्टीनमधून माणसं हाकून आणावी लागतात. प्रतोदाचं खरं काम ते आहे : निरोप देणं, हजेरी लावून घेणं, दोन्ही बाजूंच्या प्रतोदांनी बसून वेळ वाटून घेणं, नाराज माणसाचं ऐकून ते नेत्याच्या कानावर घालणं. 1952 साली इंदूरला प्रतोदांची पहिली अखिल भारतीय परिषद भरली, तेव्हा पक्षांतरबंदी कायद्याचा पत्ताही नव्हता. तरी प्रतोद होते आणि कामाचे होते. त्यांच्या हातात आमदारकी घालवण्याचं हत्यार नव्हतं, म्हणून त्यांना समजूत घालावी लागायची. ते हत्यार आलं आणि समजूत घालण्याची गरज संपली.

ज्या इंग्लंडकडून आपण ही पद्धत घेतली, तिथे काय चालतं तेही एकदा पाहा. तिथे आठवड्याचा कार्यक्रम सदस्यांना जातो आणि एकेका विषयाखाली रेघा मारलेल्या असतात. एक रेघ म्हणजे कळवलं आहे, दोन म्हणजे यायला हवं, तीन म्हणजे काहीही झालं तरी यायचं आणि सांगितलं तसंच मत द्यायचं. म्हणजे कुठल्या विषयाला पक्ष किती वजन देतो, ते कागदावरच दिसतं. तीन रेघा मोडल्या तर? सप्टेंबर 2019 मध्ये ब्रेक्झिटवरून बोरिस जॉन्सन यांनी आपल्या 21 खासदारांना एका फटक्यात पक्षाच्या गटाबाहेर काढलं. त्यात माजी अर्थमंत्री केन क्लार्क होते, चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. पण त्यांची खासदारकी गेली नाही. ते दुसऱ्या दिवशी सभागृहात बसले, बोलले, मत दिलं. काहींना पुढच्याच महिन्यात परत घेतलं. जुलै 2024 मध्ये मजूर पक्षाच्या नव्या सरकारने मुलांच्या भत्त्याच्या मर्यादेवरून विरोधात गेलेल्या सात खासदारांना सहा महिन्यांसाठी बाहेर ठेवलं. त्यांचीही खासदारकी शाबूत. आणि काही विषयांवर तर व्हिप निघतच नाही. 1965 मध्ये फाशी रद्द झाली ती मोकळ्या मतदानाने. नोव्हेंबर 2024 मध्ये असाध्य आजाऱ्याला मरणासाठी वैद्यकीय मदत देण्याच्या विधेयकावर 330 विरुद्ध 275 असं मतदान झालं, तेही मोकळं. पक्षाच्या रेषा मोडून माणसं दोन्हीकडे उभी राहिली. सरकार पडलं नाही.

तिथलं सगळं सोनं आहे असं मला म्हणायचं नाही. इथली जी भीती आहे ती खरी आहे. 1967 नंतर हरियाणात आणि इतरत्र आमदारांनी पक्ष बदलून सरकारं कशी पाडली, ते ठाऊक आहे. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मताने पडलं, तेव्हा मताला काय किंमत असते ते देशाने पाहिलं. विश्वासमताला, अर्थसंकल्पाला व्हिप हवाच. ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलास त्याचं सरकार पाडायला मत देणार असशील तर जागा सोड आणि लोकांकडे परत जा, हे मला मतदार म्हणून पटतं. पण बाजार समितीच्या विधेयकावर लासलगावकडच्या आमदाराने वेगळं मत दिलं तर सरकार पडत नाही. पडत असेल तर ते सरकार त्या विधेयकाने पडलेलं नसतं.

आणि ज्या घाऊक फुटीसाठी हा कायदा होता, ती थांबली का? एकट्याने मत बदललं तर आमदारकी जाते, दोन तृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर जात नाही. शेजारी गोव्यात जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8. त्यांना कुठला व्हिप आडवा आला? व्हिपने अडवला तो फक्त एखादा एकटा, ज्याला पक्ष सोडायचा नव्हता पण एका कलमाला 'नाही' म्हणायचं होतं.

विधान परिषदेच्या प्रतोदांसाठी वेगळं लिहायला हवं. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं, परिषदेला नाही. परिषदेत विश्वासदर्शक ठराव येत नाही. अर्थविधेयक परिषद अडवू शकत नाही. मग सरकार वाचवण्यासाठी व्हिप हे कारण तिथे उरतच नाही. शिक्षक मतदारसंघातून आलेल्या सदस्याने अनुदानाच्या विषयावर आपल्या शिक्षकांच्या बाजूने मत दिलं, पदवीधरांच्या प्रतिनिधीने भरतीच्या विधेयकावर वेगळं मत दिलं, तर बिघडतं काय? ज्येष्ठांचं सभागृह म्हणायचं आणि हात वर करायलाही पक्षाला विचारायचं. परिषदेत तरी पद घालवणारा व्हिप बंदच करा. सुरुवात करायला ती जागा सगळ्यांत सोपी आहे.

शिवसेनेतल्या फुटीच्या 2022-23 च्या प्रकरणाने व्हिपबद्दल आणखी एक गोष्ट उघडी पाडली. सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 च्या निकालात सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या गटाचा नाही. नाहीतर आमदार आणि पक्ष यांच्यातली नाळच तुटेल. गोगावलेंना अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरवली. मग प्रकरण अध्यक्षांकडे परत आलं. साक्षी झाल्या, ठाकरे गटाचे प्रतोद सुनील प्रभूंची उलटतपासणी झाली. व्हिप कुणी टाइप केला, कुणाच्या फोनवरून गेला, व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणजे बजावला असं होतं का, यावर तासन् तास खर्च झाले. 10 जानेवारी 2024 रोजी अध्यक्षांनी निकाल दिला : खरा पक्ष शिंदेंचा, गोगावलेंची नेमणूक वैध, आणि अपात्र मात्र कुणीच नाही. ठाकरे गटाचे आमदार सुटले ते व्हिप त्यांच्या हातात रीतसर पडल्याचं सिद्ध झालं नाही म्हणून. दीड वर्ष महाराष्ट्र ज्याच्यासाठी ताटकळत राहिला, त्याचा शेवट कागद पोहोचला की नाही इथे झाला.

माझ्यासारख्या माणसाला त्यात नवल वाटलं नाही. खाली जिल्हा परिषदेत, नगरपालिकेत आम्ही हे वर्षानुवर्षं पाहतोय. 1986 च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमाने व्हिप तिथेही आणला. अध्यक्षपदाची निवडणूक लागली की सदस्य 'सहलीला' जातात, फोन बंद. मग गटनेत्याचा माणूस व्हिप घेऊन घरी जातो. एकदा मी पाहिलेला प्रसंग सांगतो, जिल्ह्याचं आणि पक्षाचं नाव घेत नाही. सदस्या घरी नाहीत. सासरे ओट्यावर बसलेले. कागद घ्यायला तयार नाहीत, 'सूनबाई आल्या की द्या' एवढंच म्हणतात. मग दोन पंच बोलावले, कागद दारावर डकवला, दार आणि कागद एका चौकटीत येतील असा फोटो काढला, फोटोत घराचा नंबर दिसतोय ना ते पुन्हा पाहिलं. माणसं फाटकाबाहेर पडेपर्यंत म्हाताऱ्याने कागद काढून घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. त्या कागदात कुणाला आणि का मत द्यायचं, याबद्दल एक शब्द त्या बाईंशी कुणी बोललं नव्हतं. बोलायचं ठरवलं असतं तर कदाचित डकवायची वेळ आली नसती.

तिथूनच माझं मत बनलं. व्हिप जिथे पंचनाम्याचा कागद होतो, तिथे त्याचं पक्षातलं काम आधीच फसलेलं असतं.

जाता जाता एक छोटी विनंती. राज्यसभेच्या निवडणुकीला 'व्हिप काढला' असं आपल्यातले काही जण पत्रकारांना सांगतात. राज्यसभेची निवडणूक हे सभागृहाचं कामकाज नव्हे, तिथे पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून दहाव्या अनुसूचीखाली आमदारकी जात नाही, हे कुलदीप नय्यर प्रकरणात 2006 मध्येच स्पष्ट झालं आहे. मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, ती गोष्ट वेगळी. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीलाही व्हिप नाही. बंगल्यावरच्या बैठकीला या, असा जो आदेश निघतो, तोही मतदानाच्या कलमात बसत नाही, कारण ते कलम सभागृहातल्या मतदानाबद्दल बोलतं. जिथे कायदा नाही तिथे कायद्याचा धाक दाखवू नये. नव्या आमदाराला हे ठाऊक नसतं आणि आपण ते सांगत नाही.

तर मी सुचवतो ते असं. पुढच्या अधिवेशनाला सरसकट एकच व्हिप काढू नका. हजेरीसाठी वेगळं पत्र काढा, त्याला हवं तर नुसतं सूचनापत्र म्हणा. विश्वासदर्शक किंवा अविश्वास ठराव, अर्थसंकल्प आणि सरकारी खर्चाला मंजुरी देणारं विनियोजन विधेयक, आणि आपल्या जाहीरनाम्यात नाव घेऊन लिहिलेला विषय, एवढ्यांसाठी स्वतंत्र व्हिप काढा आणि त्यात लिहा :

'या पक्षादेशाविरुद्ध मतदान केल्यास किंवा मतदानास अनुपस्थित राहिल्यास भारतीय संविधानाच्या दहाव्या अनुसूचीनुसार आपले सदस्यत्व रद्द होऊ शकते.'

बाकी विधेयकांसाठी :

'या विधेयकाबाबत पक्षाची भूमिका सोबत जोडली आहे. तथापि सदस्यांना आपल्या मतानुसार मतदान करण्यास पक्षाची पूर्वपरवानगी आहे.'

जाहीरनाम्याचा निकष मी मुद्दाम घातला आहे. 'पक्षाच्या चिन्हावर निवडून आलास म्हणून पक्षाचं ऐक' हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण तो पुरता लावा. आम्ही मत दिलं ते चिन्हाला आणि चिन्हाखाली छापलेल्या वचनांना. जे विधेयक त्या पुस्तिकेत नव्हतं, निवडणुकीत कुणी उच्चारलं नव्हतं, ते अधिवेशनाच्या तिसऱ्या दिवशी मांडून चौथ्या दिवशी मंजूर करायचं आणि 'लोकांनी पक्षाला कौल दिला आहे' म्हणून आमदाराला बांधायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं? जाहीरनाम्यातल्या वचनावर आमदार फिरला तर त्याला बांधा. पक्ष फिरला तर आमदाराला मोकळं सोडा, म्हणजे निदान एकाने तरी आम्हाला दिलेला शब्द पाळल्यासारखं होईल.

कुठल्यातरी एका पक्षाने हे आधी करायचं, तर दुसरा त्याचा फायदा घेईल, ही अडचण मला दिसते. म्हणूनच हे पत्र सगळ्यांना आहे. कामकाज सल्लागार समितीच्या बैठकीत विधेयकांना वेळ वाटता, तेव्हाच कुठल्या विधेयकावर मोकळं मतदान हेही दोन्ही बाजूंनी मिळून ठरवता येईल. आणि जिथे मोकळं मतदान, तिथे मतविभागणी घ्याच. नाहीतर मोकळीक देऊन उपयोग नाही, पुन्हा तोच गलका आणि तेच 'होयचे बहुमत'. नावं छापा, आम्ही वाचू. आमचा आमदार चुकला तर त्याला आम्ही विचारू. ते काम आपल्याकडे दिलेलं नव्हतं.

हे पत्र आपल्यापर्यंत बहुधा व्हॉट्सॲपवरून पोहोचेल. ते बजावलं गेलं असं धरायचं की नाही, याबद्दल पुढे वाद नको, म्हणून एकेक प्रत विधान भवनाच्या पत्त्यावर पोचपावतीच्या टपालानेही पाठवतो आहे.

आपला,
एक निवृत्त जिल्हा परिषद कर्मचारी आणि मतदार